गोटामास्तरांचा बाण

प्रिय ईशा आणि कबीर,

दगड हातात आला की ते आधी त्याला जीभ लावत. मग सदऱ्याच्या बाहीने कडा पुसत, उन्हात तिरका धरून पाहत, आणि समोर जो कोणी असेल त्याला विचारत, "आधी वर कुठे ते सांगा."

समोरच्याला बहुधा सांगता येत नसे. दगडाला वर आणि खाली असतं, हेच आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं.

त्यांच्याबद्दल तुम्हाला लिहायचं बरीच वर्षं मनात होतं. गेल्या महिन्यात दोन गोष्टी एकाच टपालाने आल्या आणि मी कागद पुढे ओढला. पहिली म्हणजे ईशाचा फोटो. कुठल्याशा बेटावर ज्वालामुखीच्या काठाशी ती उभी आहे, मागे धूर, आणि फोटोच्या पाठीवर लिहिलंय, "आजी, तुमच्या गोंदियात नुसता भात!" दुसरी गोष्ट म्हणजे नागपूरच्या वर्तमानपत्राचं कात्रण, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने पाठवलेलं. तिथल्या एका कॉलेजातल्या नव्या सभागृहाला एका कैलासवासी प्राध्यापकांचं नाव दिलं गेलं. फोटोत पाहुणे आहेत, हार आहेत, फीत आहे, आणि दाराशी चौथऱ्यावर बसवलेला एक काळपट दगड आहे.

त्या प्राध्यापकांना मी एकदाच पाहिलं. त्या दगडाला मात्र मी चांगलीच ओळखते.

तुम्हाला वाटत असेल, आजी आता मवाळ झाली असेल. झालेली नाही. हे मी सूड म्हणून लिहिते आहे, आणि सूडसुद्धा क्रमाने घ्यावा असं माझं मत आहे. तेव्हा क्रमानेच सांगते.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. तुमचे आजोबा स्टेशनावर पार्सल ऑफिसात होते. मी नागपूरहून लग्न होऊन आलेली, बी.ए. झालेली, नुकतीच हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागलेली. गिरण्यांमधून भाताचा कोंडा उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचा, विडीच्या कारखान्यांवरून जाताना तेंदूपानांचा वास यायचा, आणि बाजारात मराठी बोललं तर दुकानदार हिंदीत उत्तर द्यायचा. मास्तर आमच्याच शाळेत भूगोल शिकवत आणि आमच्याच गल्लीत एका खोलीत राहत. एकटे. उंच, वाळके, हातोडी बसून बसून डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं पडलेलं.

खेड्यातली माणसं त्यांना गोटामास्तर म्हणत. आपल्याकडे दगडाला गोटा म्हणतात. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. जिथे ते छापून यायला हवं होतं तिथे आलं नाही, मग आजीच्या कागदावर येऊन काय व्हायचंय? प्राध्यापकांचंही लिहीत नाही. त्यांचं दारावर आहे, तेवढं पुरे.

दर रविवारी मास्तर पिशवीत हातोडी आणि छिन्नी घालून सकाळच्या पॅसेंजरने दरेकशाला, म्हणजे रानातल्या एका लहान स्टेशनाला, जात. प्लॅटफॉर्मवरचा चहावाला त्यांची वाटच पाहत असे.

"मास्टरजी, आज नाश्ते में कौन-सा पत्थर लेंगे?"

मास्तर गंभीरपणे पिशवी उघडत. "दरेकसे का है. बहुत पुराना है, पर बिगड़ता नहीं. चखोगे?"

चाटण्यामागे काही गूढ नव्हतं. कोरड्या दगडावर धूळ असते, ओला केला की त्यातल्या रेषा उमटतात. "पाणी जवळ असेलच असं नाही," ते म्हणत. "जीभ असते."

शाळेत त्यांची एक रीत होती, तिचा अर्थ मला बराच काळ कळला नाही. एखाद्या मुलाने शेजाऱ्याचं उत्तर उतरवलं की बाकीचे मास्तर छडी घेत. हे त्या मुलाला फळ्याजवळ उभं करत.

"उत्तर बरोबर आहे. कोणाचं आहे?"

मुलगा वही पाठीमागे धरी.

"नाव घे. मोठ्याने. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

मुलाने नाव घेतलं की ज्याचं उत्तर होतं त्याच्यासाठी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवाव्या लागत. उतरवणारा रडवेला होई. छडी परवडली, असं मुलं म्हणत.

एका सुट्टीच्या दिवशी मास्तर आजोबांकडे बसायला आले होते. मी कणीक भिजवून ठेवून बाहेर आले आणि सहज विचारलं, "मास्तर, दगडाला वर-खाली कसं असेल हो? आपण ठेवू तसा तो बसणार."

ते उठले ते थेट स्वयंपाकघरात. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी पदर सावरायच्या आत मास्तरांनी परातीतल्या कणकेचे तीन गोळे केले, दोन शेजारी शेजारी ठेवले आणि तिसरा त्यांच्या वर.

"थांबा आता थोडं."

कणीक सैल होती. वरचा गोळा हळूहळू बसला. त्याची पाठ गोलच राहिली, पण पोट खालच्या दोघांच्या फटीत उतरून टोकदार झालं.

"पाण्याखाली लाव्हा बाहेर पडतो," मास्तर म्हणाले, "तेव्हा त्याची साल पाण्याने लगेच थिजते. आत सगळं मऊ. साल फुटते, त्यातून पुढचा गोळा निघतो आणि आधीच्यांवर जाऊन बसतो. असा. मग सगळ्याचा दगड होतो. आता बाई, हा गोळा डोंगरातून काढून तुमच्या हातात दिला, तर आधी वर कुठे ते सांगा."

"गोल बाजू वर. टोक खाली."

"पास."

"ती पास झाली, माझ्या पोळ्या नापास," सासूबाई म्हणाल्या. "गोटे चाटलेल्या माणसाचा हात कणकेला! आता ही कणीक कोण खाणार?"

"मी खातो," मास्तर म्हणाले, आणि त्या दिवशी आमच्याकडेच जेवले. पुढे सासूबाई स्वतः निरोप धाडायच्या, "त्या गोट्याला बोलवा, आज कढी केली आहे."

इंग्रजीत अशा गोळ्यांना उशीचं नाव आहे. मास्तर त्यांना गिरद्या म्हणत. दरेकसा स्टेशनाच्या पलीकडे जंगलात एक नाला आहे. त्याच्या काठाला भोपळ्याएवढ्या दगडी गिरद्या एकावर एक रचल्यासारख्या आहेत. वरच्या डोंगरात दुसराच दगड सापडतो, पट्ट्यापट्ट्यांचा. घट्ट पाक ओतला की वळ्या पडतात ना, तशा वळ्यांचा. म्हणजे तिथला लाव्हा घट्ट होता, रेंगाळत सरकला होता. आणि खाली नाल्यात पाणी होतं, पाण्याखाली आग होती. आता तिथे समुद्रही नाही आणि धूरही नाही. आहे तो फक्त आकार, आणि आकारावरून घडलेलं ओळखायचं हीच मास्तरांची विद्या. ईशा, तू ज्या गोष्टीचा फोटो काढायला समुद्र ओलांडून गेलीस, ती तुझ्या आजीच्या घरापासून पॅसेंजरच्या अंतरावर होती. फक्त निवलेली होती.

त्या गिरद्या पहिल्यांदा ओळखल्या मास्तरांनी. तेव्हा ते नागपुरात शिकत होते. आनंदाने धावत जाऊन त्यांनी आपल्या प्राध्यापकांना चित्रं काढून दाखवली. प्राध्यापक म्हणाले, "छान आहे, पण कच्चं आहे. माझ्याकडे राहू दे." पुढच्या वर्षी ते पक्कं होऊन छापून आलं. चित्रं तीच होती, नाव प्राध्यापकांचं होतं. शेवटी आभार मानले होते, त्यात एक ओळ अशी की सहलीत शिदोरीची पिशवी वाहणाऱ्या एका विद्यार्थ्याचाही लेखक ऋणी आहे.

मास्तर जाब विचारायला गेले. प्राध्यापक हसून म्हणाले, "अरे, आभार मानलेत की." मास्तरांनी आवाज चढवला. त्यानंतर नागपुरातल्या कुठल्याच कॉलेजात त्यांना जागा मिळाली नाही. म्हणून ते गोंदियात भूगोल शिकवत होते.

"शिदोरी!" ते म्हणत. इतकी वर्षं होऊनही तो शब्द त्यांच्या तोंडून थुंकल्यासारखा बाहेर पडे. "त्या दिवशी पिशवीत शिदोरी नव्हतीच, बाई. उपाशी गेलो होतो. खोटं बोलायचं तर निदान भाकरी तरी द्यायची."

गल्लीत एक म्हातारा बोकड होता. दुसऱ्याच्या दारचं खायचा आणि वर दाढी हलवत उभा राहायचा. मास्तर त्याला "या, प्राध्यापक" म्हणून हाक मारत. बोकडही येई. आजोबा एकदा म्हणाले, "मास्तर, तुमच्या पोटात ज्वालामुखी आहे." मास्तरांना ते मुळीच आवडलं नाही. "ज्वालामुखी राग धरत नाही," ते म्हणाले. "फुटतो आणि मोकळा होतो. मला तेवढं जमलं असतं तर काय हवं होतं?"

राज्यांची नव्याने आखणी होऊन आपण मुंबई राज्यात गेलो, त्याच सुमाराची गोष्ट. प्राध्यापकांचा एक सहायक गोंदियाला आला आणि शाळेत येऊन मास्तरांना भेटला. नागपुरात भूगर्भशास्त्राच्या जाणकारांची मोठी सभा भरणार होती. प्राध्यापकांना त्या नाल्यातली एक अख्खी गिरदी हवी होती, बाण काढलेली; दरेकशाचे दगड जमवणारा एक मास्तर गोंदियात आहे एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं, तो आपलाच जुना विद्यार्थी हे नव्हतं. बाणाचा अर्थ असा की दगड डोंगरात होता तेव्हा आकाश कुठल्या बाजूला होतं. दगड फोडून बाहेर काढण्याआधी हा बाण काढायचा, ही त्या शास्त्रातली पहिली रीत.

"सर म्हणाले, तुम्ही जवळच राहता, तुम्हाला सोपं जाईल," सहायक म्हणाला.

मास्तर इतके प्रसन्न हसले की मी चकित झाले. "जरूर. सरांना म्हणावं, शिदोरीवाला पाठवतो."

त्या रविवारी मी आणि आजोबाही त्यांच्याबरोबर दरेकशाला गेलो. गिरदी पार्सलने पाठवायची होती आणि बाणासाठी पांढरा रंग आजोबांनी आणला होता. स्टेशनाबाहेर सुखराम बैलगाडी घेऊन उभा होता. मास्तरांचा हा नेहमीचा गाडीवान, जवळच्या खेड्यातला भातशेती करणारा. नाल्यावर पोचताच मास्तर वाकून एका दगडावर फुंकर मारू लागले, मग त्यांनी त्याला जीभ लावली.

"काऊन चाटून राहिले जी, मास्तर? मीठ हाय का त्याच्यात?"

"मीठ नाही रे. आग होती."

"मंग जीभ भाजत नाही का जी?"

"निवली. तुझ्या आजाच्या आजाच्याही आधी."

"निवली त मंग फुकून कायले राहिले?" सुखराम म्हणाला, आणि आजोबा हसता हसता काठावरून घसरले.

मास्तरांनी निवडलेली गिरदी सुरेख होती. पाठ गुळगुळीत गोल, पोटाला नेमकं टोक. आकाशाकडे गोल बाजू होती, म्हणजे डोंगर जसा घडला तसाच उभा होता. त्यांनी आधी छिन्नीने गिरदीच्या एका अंगाला बाण कोरला, टोकाकडून गोल पाठीकडे. मग गिरदी फोडून बाहेर काढली. मग त्या कोरलेल्या बाणावर नाल्यातली काळी चिकणमाती लेपली, बोटांनी दाबून दगडाच्या रंगात मिसळून टाकली. मग दुसऱ्या अंगाला पांढऱ्या रंगाने मोठा ठळक बाण काढला. गोल पाठीकडून टोकाकडे.

"मास्तर," मी म्हटलं, "बाण उलटा झाला."

"हो."

आजोबांनी हातातला रंगाचा डबा खाली ठेवला. "हे काय चाललंय?"

"परीक्षा," मास्तर म्हणाले. "या बाणावर विश्वास ठेवला तर काय दिसेल? की अख्खा डोंगर पालथा पडलाय. केवढा मोठा शोध! पण सर एकदा इथे आले, नुसते या काठावर उभे राहिले, तर बाकीच्या गिरद्या त्यांना खरं सांगतील. मग त्यांनी माझे कान धरावेत. विषय सोपा ठेवलाय मी. मार्क फक्त हजेरीला आहेत."

मी त्यांना अडवलं नाही. आज पुन्हा त्या काठावर उभी राहिले तरी अडवणार नाही.

गिरदी पार्सलने गेली, प्राध्यापक मात्र नाल्यावर आले नाहीत. सभेचा दिवस जवळ आला तसे मास्तर आमच्या ओसरीवर येऊन इंग्रजी वाक्यांचा सराव करू लागले. "बाई, तुम्हीही चला," ते म्हणाले. "मला राग आला की इंग्रजी येत नाही." मग आम्ही तिघंही नागपूरला गेलो.

गिरदी मंचावर हिरव्या बनातीच्या टेबलावर ठेवली होती, पांढरा बाण वर, टोक छताकडे. प्राध्यापक देखणे होते. आवाज मऊ, बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटावं. त्यांनी हलक्या हाताने गिरदीला स्पर्श करत सांगितलं की ही गिरदी डोंगरात डोक्यावर उभी होती. यावरून दरेकशाचा सगळा प्रदेश कधीकाळी उलथून पडला असला पाहिजे, आणि आजवरचे नकाशे आता नव्याने काढावे लागतील. टाळ्या पडल्या.

मास्तर उभे राहिले.

"सर, आपण ही जागा स्वतः पाहिली आहे?"

"अर्थात."

"आणि हा बाण कोणी काढला?"

प्राध्यापकांनी त्यांना ओळखलं नव्हतं. ते प्रेमाने हसले. "तरुण मित्रा, असं काम मी दुसऱ्यावर कधी सोपवत नाही. नाल्यात उभा राहून मी माझ्या हाताने काढला."

मुलांनो, त्या क्षणाचं मला अजून सुख होतं. उगाच लपवून काय करू?

मास्तर चालत मंचावर गेले. पाण्याचा तांब्या शेजारीच होता, पण त्यांनी अंगठा तोंडात घालून ओला केला, तोच काळ्या नखाचा, आणि गिरदीच्या दुसऱ्या अंगाला घासू लागले. पुन्हा ओला केला, पुन्हा घासलं. माती निघाली. कोरलेला बाण उघडा पडला, टेबलाकडे रोखलेला.

"दोन्ही बाण माझे आहेत," ते म्हणाले. "हा कोरलेला खरा. पांढरा मी मुद्दाम उलटा काढला. सर तिथे गेलेच नाहीत. पहिल्या वेळीही गेले नव्हते. त्या गिरद्या मी ओळखल्या होत्या."

पार्सलची पावती दाखवायला आजोबाही उठले. गोंदियाचा शिक्का तिच्यावर होता. प्राध्यापकांचा चेहरा मी नीट पाहिला. तो आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग त्यांनी हळूच आपलं टिपण घडी करून खिशात घातलं. त्यानंतर त्यांना कुठल्या सभेत बोलताना कोणी ऐकलं नाही, असं पुढे कळलं. मला समाधान वाटलं. अजून वाटतं.

हे इथे संपलं असतं तर फार बरं झालं असतं.

पहिल्या रांगेत एक वयस्कर गृहस्थ बसले होते. उभं आयुष्य त्यांनी रानोमाळ हिंडून सरकारसाठी नकाशे काढण्यात घालवलं होतं. ते काठीवर भार देऊन उठले आणि मास्तरांना शांतपणे म्हणाले, "तुम्ही दगडावर खोटा बाण काढलात. मुद्दाम."

"हो. पण शेजारी खरा—"

"तो खरा आहे, हे आम्ही कशावरून मानायचं? तुम्ही सांगता म्हणून?"

"आपण या, जागेवर चला. मी दाखवतो."

"मी जाईन किंवा जाणार नाही. या सभागृहातले बहुतेक जण जाणार नाहीत. कोणीच सगळीकडे जाऊ शकत नाही. म्हणून तर आपण एकमेकांच्या बाणावर विसंबतो." त्यांनी गिरदीकडे पाहिलं. "तुमच्या यापुढच्या बाणावर कोणी विसंबायचं, मास्तर?"

मास्तरांनी तोंड उघडलं. राग नव्हता, तरी इंग्रजी आलं नाही. मराठीही आलं नाही.

त्या म्हाताऱ्या गृहस्थांवर मी बरीच वर्षं चिडून होते. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्याने माझी चीड वाढतच गेली.

परतीच्या गाडीत मास्तर खिडकीशी बसले होते. सौंदडकडचा कोणी प्रवासी भाताच्या भावाबद्दल बोलत होता, त्याला ते हूं हूं करत होते. गोंदियाला उतरल्यावर म्हणाले, "मजा आली, बाई." आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेत घरी निघून गेले.

त्या गिरद्यांवरचा आपला निबंध त्यांनी पुन्हा लिहिला. इंग्रजी मी तपासलं. तो चांगला होता, आजही मी ते पैजेवर सांगेन. जिथे जिथे पाठवला तिथून तो परत आला. एका संपादकाने तर लिहून कळवलं की लेखकाने पूर्वी नमुन्यांशी केलेला व्यवहार लक्षात घेता विचार करता येत नाही. प्राध्यापकांनी त्यांचं नाव एकदा पुसलं होतं. दुसऱ्यांदा पुसलं ते त्यांच्याच हातच्या पांढऱ्या रंगाने.

बोकडाला हाक मारणं त्यांनी सोडून दिलं. बोकड काही दिवस त्यांच्या दाराशी येऊन उभा राहायचा.

मग एकदा सुखराम भाजीबाजाराच्या दिवशी आमच्या घरी आला. ओसरीवर टेकून पाणी प्याला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या मास्तराले समजावून सांगा जी. साऱ्या नाल्यात बाणच बाण करून ठेवले. ढोरं बिचकून राहिले, पानी पीत नाहीत."

आम्ही गेलो. मास्तर गुडघाभर पाण्यात उभे होते, हातात रंगाचा डबा. काठाला रचलेल्या प्रत्येक गिरदीवर पांढरा बाण होता, आणि प्रत्येक बाण आकाशाकडे. सगळे खरे.

"वर कुठं हाय हे ढोरालेबी समजते जी," सुखराम त्यांना समजावू लागला. "बाण कायले काढून राहिले?"

"ढोराला समजतं," मास्तर म्हणाले. "माणसाला लिहून द्यावं लागतं."

आजोबांनी धोतर खोचलं, पाण्यात उतरले आणि डबा धरून उभे राहिले. मी काठावर बसून पाहत होते. संध्याकाळच्या गाडीपर्यंत ते दोघं बाण काढत होते.

पुढे मास्तरांनी हायस्कूल सोडलं आणि दरेकशाजवळच्या एका खेड्यातल्या लहान शाळेत बदली मागून घेतली. तिथे त्यांना तापाने गाठलं. त्या भागात तेव्हा हिवतापाने माणसं जातच असत. सुखरामने त्यांना गाडीत घालून स्टेशनापर्यंत आणलं, पण पॅसेंजरला उशीर होता. आम्हाला कळलं ते दुसऱ्या दिवशी. सासूबाईंनी त्या दिवशी कणीक भिजवली नाही. चुलीपुढे बसून म्हणाल्या, "मेल्याने जेवायला बसल्यावर कधी मीठ मागितलं नाही. आधीच चाटून आलेला असायचा." आणि पदर डोळ्यांना लावला.

पावसाने ते बाण काही वर्षांत धुऊन नेले.

आता त्या कात्रणाकडे येते. मी भिंग घेऊन फोटो नीट पाहिला. प्राध्यापक गेल्यावर ती गिरदी कॉलेजच्या कुठल्याशा कपाटाखाली पडून असणार. ज्यांना तिची गोष्ट ठाऊक होती ते सगळे संपले. राहिला असेल तो दगडावर चिकटवलेला प्राध्यापकांच्या नावाचा कागद. म्हणून ती त्यांच्या सभागृहाच्या दाराशी मानाने बसवली आहे, सिमेंटात पक्की करून. पांढरा बाण आता पार उडाला आहे, पण तो कधीकाळी जिकडे रोखलेला होता ती बाजू त्यांनी वर ठेवली आहे, त्या कागदावरची अक्षरं सुलट दिसावीत म्हणून असेल. गिरदी डोक्यावर उभी आहे. टोक आकाशाकडे, गोल पाठ सिमेंटात. बाजूला मास्तरांनी छिन्नीने कोरलेला बाण स्पष्ट दिसतो. तो जमिनीकडे रोखलेला आहे, आणि त्याच्या बरोबर वर, दारावर, प्राध्यापकांचं नाव आहे.

ज्याला गिरद्यांतलं थोडंही कळतं तो त्या दारातून आत जाताना थबकेल आणि विचारेल, हा दगड इथे उलटा कोणी बसवला? माझ्या विद्यार्थिनीने विचारलं आहे की कॉलेजला काही कळवायचं का. मी तिला लिहिलं, काही कळवू नकोस.

कबीर, ईशा, तुम्ही इकडे याल तेव्हा नागपूरला उतराल. तो दगड जरूर पाहा. पण तिथेच थांबू नका, दरेकशापर्यंत या. मास्तरांच्या बाणावर विसंबू नका आणि माझ्या लिहिण्यावरही नको. सुखराम आता नाही, त्याच्या घरचं कोणीही वाट दाखवेल.

नाल्याच्या काठात एका गिरदीएवढी खाच आहे. तिच्या शेजारच्या सगळ्या गिरद्या अजून जागच्या जागी आहेत. गोल बाजू वर आहे.